गेम तुझ्याकडे चालतो, मग मावशीच्या फोनवर का नाही?

मे महिन्याची सुट्टी संपली की या सदरात येणाऱ्या प्रश्नांचा नूरच बदलतो. एप्रिलमध्ये सगळे विचारत असतात की ताई मुलाला कुठलं टूल शिकवू, आणि जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर तेच लोक विचारतात की गेम तर झाला बनवून, आता लोकांना कसा द्यायचा. म्हणून यावेळी फक्त ब्लॉक, म्हणजे सूचनांचे रंगीत ठोकळे, जोडून बनवलेल्या गेमचे प्रश्न घेतलेत, स्क्रॅच, मेककोड आर्केड वगैरे साधनांत केलेल्या. प्रिंटर, वायफाय आणि विरारच्या काकांचं हॅक झालेलं फेसबुक पुढच्या अंकात, काका रागावू नका.

माझं एक मत आधीच सांगून टाकते, कारण खालच्या उत्तरांमध्ये ते सारखं डोकावणार आहे. शेअरचं बटन दाबलं म्हणजे गेम पब्लिश झाला असं मी धरत नाही. तुम्ही शेजारी बसून "हां आता स्पेस दाब, नाही नाही तिथे नको जाऊस" असं सांगायला नाही आहात आणि तरी कोणाच्या तरी जुन्या फोनवर तो सुरू होतो, कळतो आणि संपतो, तेव्हा तो पब्लिश झाला.

प्रश्न: माझा मुलगा सातवीत आहे. सुट्टीत त्याने स्क्रॅचमध्ये गल्ली क्रिकेटचा गेम बनवला, खरंच छान झालाय, आई म्हणून नाही सांगत. पण नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवला तर कोणाकडेच उघडेना. माझी बहीण नाशिकला असते, ती म्हणते फाइल येते पण कशात उघडायची ते फोन विचारतो. मुलगा रुसून बसलाय. – एक आई, मुलुंड

उत्तर: ताई, त्याने बहुतेक एसबी३ फाइल पाठवली. ती म्हणजे खेळायला तयार गेम नाही, आत चित्रं, आवाज आणि कुठला ब्लॉक कुठे जोडलाय याची नोंद असते, सगळं एका झिपमध्ये बांधलेलं, आणि ते सोडवायला समोरच्याकडे स्क्रॅच लागतं. मावशीच्या फोनला बिचाऱ्याला काय माहीत. त्यामुळे फाइल पाठवणं बंद, लिंक पाठवायची.

सगळ्यात सोपं म्हणजे स्क्रॅचच्या साइटवरच शेअर करणं. अकाउंट लागतं, फुकट असतं, पण ईमेल कन्फर्म केल्याशिवाय शेअर करता येत नाही, आणि तो कन्फर्मवाला मेल पुष्कळदा स्पॅममध्ये जाऊन बसतो, तिथे बघा. शेअर केल्यावर जी लिंक मिळते ती ग्रुपवर टाकायची, खेळणाऱ्याला अकाउंट लागत नाही, फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतं. युजरनेम ठेवताना मात्र मुलाचं खरं नाव, आडनाव, शाळा, जन्मसाल यातलं काही घालू नका, ते नंतर बदलता येत नाही.

आता एक गोष्ट जी मुलं कधीच वाचत नाहीत. स्क्रॅचवर शेअर केलेला प्रत्येक प्रोजेक्ट क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन शेअरअलाइक २.० या लायसन्सखाली जातो, म्हणजे कोणीही तो आतून उघडून बघू शकतो, त्यात बदल करून स्वतःचा रिमिक्स टाकू शकतो, फक्त मूळ कोणाचं ते सांगायला हवं आणि रिमिक्सही त्याच लायसन्सखाली ठेवायला हवा. हे वाईट नाही, त्या साइटचा जीवच त्यावर आहे, तुमच्या मुलानेही दुसऱ्यांचे गेम उघडूनच अर्धं शिकलं असेल. पण याचा अर्थ असा की गेममध्ये त्याने जे जे घातलंय ते सगळं दुसऱ्याला उचलता येतं. गल्ली क्रिकेट म्हणताय म्हणून विचारते, बॅकग्राउंडला तुमच्याच बिल्डिंगचा फोटो आहे का? पाटीवर सोसायटीचं नाव दिसतंय? खेळाडू म्हणून स्वतःचा युनिफॉर्ममधला फोटो कापून लावलाय? असेल तर आधी बदला, कारण नंतर अनशेअर केलं तरी तोपर्यंत कोणी रिमिक्स केला असेल तर तो फोटो त्या रिमिक्समध्ये तसाच राहतो. चित्र काढायला सांगा, हाताने काढलेली बिल्डिंग जास्त मजेशीर दिसते तसंही.

साइटवर टाकायचंच नसेल तर टर्बोवार्प पॅकेजर नावाचं फुकट साधन आहे, एसबी३ फाइल दिली की तो एक एचटीएमएल फाइल बनवून देतो ज्यात गेम आणि गेम चालवणारं यंत्र दोन्ही असतं. लॅपटॉपवर डबल क्लिक केलं की ब्राउझरमध्ये सुरू. पण ती फाइलसुद्धा व्हॉट्सॲपवर पाठवू नका हां, फोन ती कुठल्यातरी व्ह्यूअरमध्ये उघडतो, पांढरी स्क्रीन येते आणि मावशी परत म्हणते चालत नाही. ती कुठेतरी होस्ट करावी लागते, म्हणजे एखाद्या साइटवर ठेवून तिची लिंक द्यावी लागते, ते खालच्या प्रश्नात बघा.

आणि पाठवण्याआधी बहिणीला व्हिडिओ कॉल लावा, मुलाला गप्प बसवा आणि ती कशी खेळते ते त्याला नुसतं बघू द्या. बॉलिंग सुरू कशी करायची हेच तिला कळलं नाही तर पहिल्या स्क्रीनवर काय लिहायला हवं ते त्याचं त्यालाच समजेल.

प्रश्न: एसवायला आहे. टर्बोवार्पने गेम पॅक करून इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या साइटवर टाकला. माझ्या लॅपटॉपवर सगळं ओके, पण मित्र म्हणतात पेजच सापडत नाही, आणि एकाला पेज दिसलं तर गेमच्या जागी एरर. तीन रात्री घालवल्या. – लालबाग

उत्तर: पेज सापडत नाही याचं कारण बहुतेक वेळा अगदी फालतू असतं, इचवर नवीन पेज आपोआप ड्राफ्ट असतं, ते तुला लॉगिन असल्यामुळे दिसतं आणि जगाला दिसत नाही. एडिट पेजवर अगदी खाली जा, व्हिजिबिलिटी पब्लिक कर. यापुढे कुठलीही लिंक देण्याआधी ती इनकॉग्निटो (म्हणजे लॉगिन नसलेल्या) विंडोमध्ये स्वतः उघडून बघायची, दहा सेकंदांचं काम आहे. ज्याला पेज दिसलं त्याला तू बहुधा सीक्रेट लिंक दिली असशील.

एररचं कारण झिप. इच झिप उघडून त्यात सगळ्यात वरच्या पातळीवर इंडेक्स डॉट एचटीएमएल, म्हणजे गेमचं पहिलं पान, शोधतो. आपण काय करतो, फोल्डरवर राइट क्लिक करून कॉम्प्रेस, मग झिपच्या आत फोल्डर आणि फोल्डरच्या आत इंडेक्स, आणि तो बिचारा दारातच उभा. फोल्डरच्या आत जा, सगळ्या फाइल सिलेक्ट कर आणि मग झिप कर. किंवा झिपच्या भानगडीतच पडू नकोस, पॅकेजरमधून सिंगल एचटीएमएल काढ, इच तीही घेतो. काहीही अपलोड केलंस तरी "ब्राउझरमध्ये खेळला जाईल" अशा अर्थाचा चौकोन असतो त्यावर टिक करायला विसरू नकोस, नाहीतर लोकांना फक्त डाउनलोडचं बटन दिसतं, आणि अनोळखी पोराची फाइल कोण डाउनलोड करतंय.

तू जर स्वतः हाताने काही एचटीएमएल लिहिलं असशील, सुरुवातीचं पान किंवा लोगो वगैरे, तर फाइलच्या नावातली अक्षरं तपास. तुझ्या विंडोजला बॉल आणि बॉल, एक कॅपिटल बी आणि एक स्मॉल, सारखेच वाटतात, इचच्या सर्व्हरला ते दोन वेगळे इसम आहेत. लॅपटॉपवर चालतं आणि नेटवर चित्र गायब, या तक्रारीमागे हेच असतं बऱ्याचदा. इचची मर्यादा म्हणशील तर झिपमध्ये जास्तीत जास्त १००० फाइल आणि उघडल्यावर एकूण ५०० एमबी, ब्लॉकवाल्या गेमला ती कधी लागणारच नाही, लागली तर तू गाण्याच्या डब्ल्यूएव्ही फाइल घातल्यायस, त्या एमपी३ कर.

आवाजाचंही ऐकून घे, कारण पुढची तक्रार तीच येणार आहे. ब्राउझर माणसाने एकदा कुठेतरी क्लिक किंवा टॅप केल्याशिवाय आवाज वाजू देत नाहीत. पॅकेजरमध्ये ऑटोस्टार्ट ठेवलंस तर गेम सुरू होईल पण म्युझिक मुकं. त्यामुळे आधी एक साधी स्क्रीन, मधोमध "खेळ सुरू" चं बटन, त्यावर टॅप, मग संगीत. आणि ६० एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमचा, पर्याय उगाच चालू करू नकोस, स्क्रॅचचा गेम ३० च्या हिशोबाने लिहिलेला असतो, ६० केलं की दर फ्रेमला सरकणारा राक्षस दुप्पट वेगाने अंगावर येतो.

इचला पर्याय हवा असेल तर गिटहब पेजेस आहे, तिथे रिपॉझिटरीत (म्हणजे प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये) इंडेक्स डॉट एचटीएमएल टाकून सेटिंगमध्ये पेजेस चालू केलं की थोड्या वेळात लिंक मिळते, जाहिरात नाही, पैसे नाहीत, आणि उद्या इंटर्नशिपच्या अर्जात ती लिंक बरी दिसते. अट एवढीच की तिथे १३ वर्षांखालच्यांना अकाउंट काढता येत नाही, हे तुला नाही, वाचणाऱ्या धाकट्या मंडळींना सांगतेय.

प्रश्न: ताई माझा गेम लोकल ट्रेनवर आहे, डब्यात चढायचं, चौथी सीट पकडायची, आणि फेरीवाले मधे येतात. कॉम्प्युटरवर मस्त चालतो. पण वर्गातल्या सगळ्यांकडे फोनच आहेत आणि फोनवर माणूस हलतच नाही. काही जणांकडे खूप हँग होतो. आणि एकाच्या फोनवर मराठी अक्षरं वेगळीच दिसतात, बटणाच्या बाहेर जातात. मी ९वीत आहे. – भांडुप

उत्तर: अरे वा, चौथ्या सीटवर गेम, हा मला पाठवच. तुझे तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही खरे आहेत, या अंकातलं सगळ्यात कामाचं पत्र तुझं.

माणूस हलत नाही कारण तू ॲरो कीवर बांधलायस आणि फोनला ॲरो की नाहीत, स्क्रॅचची साइट फोनवर त्या बनवूनही देत नाही. बोट टेकवलं की स्क्रॅचला ते माउससारखं दिसतं, तेवढंच. म्हणून स्क्रीनवर डावं-उजवं अशी दोन बटणं स्प्राइट (स्क्रॅचमधलं पात्र) म्हणून काढ. इथे एक खोच आहे. "माउस-पॉइंटरला स्पर्श होतोय का" एवढंच तपासलंस तर बोट उचललं तरी माणूस धावतच राहील, कारण बोट उचलल्यावर स्क्रॅचच्या मते पॉइंटर तिथेच असतो जिथे शेवटचं बोट होतं. म्हणून दोन अटी एकत्र लाव, पॉइंटरला स्पर्श होतोय आणि माउस दाबलेला आहे. हे एवढं केलंस की अर्धी लढाई संपली.

दुसरं, स्क्रॅच एकच बोट ओळखतं. डाव्या अंगठ्याने पळ आणि उजव्याने उडी मार असं दोन्ही एकदम जमणार नाही. मग गेमच असा कर की एका बोटाने खेळता येईल, माणूस आपोआप पुढे जातो आणि टॅप केलं की चढतो, किंवा बोट नेशील तिकडे सरकतो. खरं सांगू का, दादर ते ठाणे उभ्याने जाणाऱ्या माणसाचा एक हात वर कडीला असतो आणि एकच अंगठा मोकळा असतो, तुझा गेम तिथेच खेळला जाणार आहे, त्याच्यासाठी बनव.

हँग होण्याचं बघू. फेरीवाले तू क्लोनने, म्हणजे एकाच पात्राच्या नकला काढून, बनवले असशील. स्क्रॅचमध्ये एका वेळी ३०० क्लोन चालतात, त्याच्यापुढे नवीन बनतच नाहीत, गप्प बसतात. तुझे फेरीवाले स्क्रीनबाहेर गेल्यावर तू त्यांना "क्लोन डिलीट कर" देतोस का नुसतं लपवतोस? लपवलेला क्लोनसुद्धा जिवंत असतो, त्याची स्क्रिप्ट चालूच राहते, स्वस्तातला फोन तिथेच घाम गाळतो. डब्याच्या बाहेर गेला की डिलीट. बॅकग्राउंडला मोबाइलने काढलेला मोठा फोटो असेल तर तोही छोटा कर, स्टेज मुळात ४८० बाय ३६० चा आहे, त्याच्यात चार हजार पिक्सेलचा सीएसएमटी कोंबून काय मिळणार. हे सगळं करूनही अडखळला तर टर्बोवार्पमध्ये चालवून बघ, तो ब्लॉक आधी जावास्क्रिप्टमध्ये बदलून घेतो त्यामुळे बऱ्याच गेमना चांगलाच वेग येतो.

मराठी अक्षरांचं कारण असं की कॉस्च्यूम एडिटरमध्ये, म्हणजे पात्रांची चित्रं काढायच्या जागी, जे फॉन्ट आहेत त्यात देवनागरी नाही. तू "सुरू करा" टाइप केलंस की तुझा कॉम्प्युटर स्वतःकडचा एखादा देवनागरी फॉन्ट लावून दाखवतो, मित्राचा फोन त्याच्याकडचा लावतो, दोघांची रुंदी वेगळी, म्हणून बटण फुटतं. उपाय सोपा, अक्षरं लिहून झाली की त्या कॉस्च्यूमला बिटमॅपमध्ये बदल. मग ते अक्षर न राहता चित्र होतं आणि सगळीकडे सारखंच दिसतं. फक्त बदलण्याआधी त्या कॉस्च्यूमची डुप्लिकेट ठेव, बिटमॅप झाल्यावर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही, आणि आमच्या मराठीच्या बाई असत्या तर त्यांनी गेम न खेळता आधी तेच पाहिलं असतं.

प्रश्न: आमच्या मंडळाने यंदा गणपतीत ऑनलाइन मोदक-गेमची स्पर्धा ठेवायचं ठरवलंय. एका कार्यकर्त्याच्या मुलीने स्क्रॅचमध्ये गेम केलाय. एंट्री २० रुपये, पहिलं बक्षीस ५००० रोख. सगळ्यांचे स्कोअर एका ठिकाणी कसे दिसतील? मागे आरती वाजवायची आहे, ती यूट्यूबवरून घेतली तर चालेल ना? – एक कार्यकर्ता, गिरगाव

उत्तर: दादा, स्कोअरचं नंतर, आधी ते २० रुपये काढून टाका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा झाला त्यात पैसे भरून, पैसे जिंकायच्या आशेने खेळायचा ऑनलाइन गेम लोकांना देणं यावरच बंदी आहे, आणि त्यात कौशल्याचा गेम की नशिबाचा हा फरकसुद्धा केलेला नाही. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड इतकी कडक लिहिलीय. तो कायदा मोठ्या सट्टेबाज ॲपसाठी आणला, मोदकासाठी नाही, हे मलाही कळतं, पण मी वकील नाही आणि तुम्हीही मंडळाच्या नावावर हा प्रयोग कशाला करता. एंट्री फुकट ठेवा, बक्षीस एखाद्या दुकानदाराकडून वस्तूरूपाने घ्या, आणि तरी शंका असेल तर मंडळात एखादा वकील असतोच, त्याला विचारा.

आता स्कोअर. स्क्रॅचमध्ये क्लाउड व्हेरिएबल, म्हणजे नेटवर साठवलेले आकडे, असतात, सगळ्यांना एकच आकडा दिसतो. पण त्यात फक्त आकडे मावतात, अक्षरं नाहीत, एका प्रोजेक्टला जास्तीत जास्त १०, आणि नव्याकोऱ्या अकाउंटला ही सोय मिळतच नाही, काही दिवस साइटवर वावरावं लागतं. म्हणजे आदल्या दिवशी अकाउंट काढून हे होणार नाही. पॅक करून दुसरीकडे टाकलात तर टर्बोवार्पचा क्लाउड सर्व्हर जोडता येतो पण तिथे आकडे कायमचे जपले जात नाहीत, आज पहिला आलेला उद्या गायब झाला तर मंडपात काय होईल ते मला सांगायची गरज नाही. आणि मुळात थोडं डोकं चालवणारा कुठलाही पोरगा त्या व्हेरिएबलमध्ये ९९९९९९ लिहू शकतो. ५००० रुपयांसाठी तर नक्कीच लिहील.

माझं ऐकाल तर ऑनलाइन लिंक फक्त सरावासाठी द्या आणि स्पर्धा मंडपात घ्या, एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर, प्रत्येकाला दोन मिनिटं, स्कोअर फळ्यावर. गर्दी जमेल, ओरडाआरडा होईल, मजा तिथेच आहे. नावनोंदणीत मुलांचे मोबाइल नंबर आणि शाळा लिहून ती यादी नेटवर टाकू नका, डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ खालचं प्रत्येक जण मूल धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. टोपणनाव पुरतं.

आरतीचं असं आहे की "सुखकर्ता दुखहर्ता" चे शब्द समर्थ रामदासांचे, सतराव्या शतकातले, ते सगळ्यांचे आहेत. पण यूट्यूबवरचं रेकॉर्डिंग कोणीतरी गायलेलं, कोणीतरी वाजवलेलं, कोणत्यातरी कंपनीने काढलेलं असतं, आणि आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणून डाउनलोड नको. तुमच्याकडे झांजा आहेत, ढोलकीवाला आहे, आरतीला जरा जास्तच तार सप्तकात जाणाऱ्या दोन काकू असतीलच, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि तेच घाला.

प्रश्न: मुलीने स्क्रॅचवर टाकलेला गेम कोणीतरी जसाच्या तसा कॉपी करून स्वतःच्या नावावर लावलाय. तक्रार कुठे करायची? शिवाय तिने मागे एका सिनेमाचं गाणं लावलंय, त्याचं काही होईल का? – एक बाबा, विलेपार्ले

उत्तर: गाण्याचा निकाल वर लागलाच आहे, शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग तिन्हीवर कोणाचा ना कोणाचा हक्क असतो, काढून टाका. फुकट संगीत आणि आवाज हवे असतील तर केनी नावाच्या साइटवर सीसी-झिरोखालचं, म्हणजे हक्क सोडून दिलेलं, बरंच सामान मिळतं, ते कसंही वापरा. फ्रीसाउंडवर प्रत्येक आवाजाचं लायसन्स वेगवेगळं असतं, घेताना त्या पानावर वाचा आणि नाव द्यायला सांगितलं असेल तर क्रेडिटमध्ये द्या.

कॉपीचं जरा शांतपणे घ्या. समोरच्याने रिमिक्स बटन वापरलं असेल तर त्या पानावर मूळ गेमची लिंक आपोआप येते, आणि तेवढं असलं तर तो नियमातच आहे, मुलीला अभिमान वाटू द्या. फाइल उतरवून नवा प्रोजेक्ट म्हणून चढवला असेल आणि नाव कुठेच नसेल तर मात्र लायसन्स मोडलं, त्या प्रोजेक्टच्या पानावर रिपोर्ट बटन आहे, मूळ प्रोजेक्टची लिंक देऊन कळवा. त्याच्या कमेंटमध्ये जाऊन भांडू नका, आणि तुम्ही मुलीच्या अकाउंटवरून तर मुळीच नाही.

प्रश्न: निवृत्त आहे, नातीबरोबर शिकतो. जुन्या पुस्तकात गेम एसडब्ल्यूएफ करून वेबवर टाका असं दिलंय. जमत नाही. – दादर

उत्तर: काका, पुस्तकाचा दोष नाही, काळाचा आहे. स्क्रॅच २००७ मध्ये एमआयटी मीडिया लॅबमधून आलं, २०१३ ची दुसरी आवृत्ती फ्लॅश नावाच्या ॲडोबच्या जुन्या तंत्रावर चालायची, एसडब्ल्यूएफ ही त्याचीच फाइल, तेव्हा ती एसडब्ल्यूएफची युक्ती चालायची. ॲडोबने २०२० च्या शेवटी फ्लॅश बंद केलं. जानेवारी २०१९ पासूनचं स्क्रॅच ३ ब्राउझरच्या स्वतःच्या तंत्रावर आहे म्हणूनच ते फोनवर चालतं. तुमच्या जुन्या एसबी२ फाइल नव्यात उघडतात, उघडा आणि वर मुलुंडच्या ताईंना सांगितलंय तसं करा. पुस्तकातलं गेम कसा रचायचा हे सगळं अजून तसंच लागू आहे, ती पानं फाडू नका.

प्रश्न: महापालिकेच्या शाळेत शिकवते. संगणक आहेत, इंटरनेट असून नसल्यासारखं. मुलांचे तीसेक गेम आहेत. पालकसभेत दाखवायचेत आणि नंतर घरीही खेळता यावेत. प्रत्येक मुलाचा ईमेल कुठून आणू? – गोवंडी

उत्तर: बाई, ईमेल आणायची गरज नाही. स्क्रॅचचं शिक्षकांसाठी वेगळं अकाउंट असतं, अर्ज करावा लागतो, मंजूर व्हायला वेळ लागतो म्हणून सभेच्या बऱ्याच आधी करा. ते मिळालं की क्लास बनवून मुलांची अकाउंट तुम्हीच काढून देता, मुलांचा ईमेल लागत नाही, आणि त्यांच्यावर लक्षही ठेवता येतं.

सभेसाठी मात्र नेटवर विसंबू नका. स्क्रॅचचं डेस्कटॉप ॲप आहे, ते एकदा टाकलं की नेटशिवाय चालतं. त्याहून बरं म्हणजे घरी किंवा सायबर कॅफेत बसून सगळे गेम पॅकेजरमधून सिंगल एचटीएमएल करून पेनड्राइव्हवर घ्या, झिपवाला पर्याय इथे नको, तो सर्व्हरशिवाय डबल क्लिकवर उघडत नाही. सिंगल फाइल ब्राउझरमध्ये थेट उघडते, नेट गेलं तरी. फक्त ज्यांनी भाषांतराचा किंवा यंत्राने बोलायचा ब्लॉक वापरलाय त्यांचं तेवढं बंद पडेल, कारण ते दोन्ही दर वेळी नेटवरून येतात. त्या मुलांना स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायला सांगा.

घरी खेळण्यासाठी त्याच तीस फाइल तुमच्या स्वतःच्या गिटहब पेजेसवर चढवा आणि वर एक साधं पान करा ज्यात फक्त गेमची नावं आणि मुलाचं पहिलं नाव, आडनाव आणि इयत्ता नको. त्या एका पानाचा क्यूआर कोड छापून दाराशी लावला की पालक फोन काढतील. बहुतेकांचा फोन हाच घरातला एकमेव संगणक असतो, तेव्हा भांडुपच्या त्या मुलाचं उत्तर वर्गात वाचून दाखवा, बटणं आधी, मग क्यूआर.

प्रश्न: या गेममधून पैसे मिळतात का? – विक्रोळी

उत्तर: मिळतात, फार थोड्यांना. स्क्रॅचचा गेम विकायला बंदी नाही, पण एकदा स्क्रॅचवर शेअर केला की तो सगळ्यांना त्या लायसन्सखाली मोकळा, म्हणून विकायचा असेल तर तिथून अनशेअर करून मग इचवर ठेव, आणि स्क्रॅचची मांजर त्यात ठेवू नकोस, ती त्यांचं ट्रेडमार्क आहे. इच आपला हिस्सा किती ते तुम्हालाच ठरवू देतं, काही बदललं नाही तर १० टक्के. प्ले स्टोअरचं अकाउंट काढायलाच एकदा २५ डॉलर लागतात, पहिल्या गेमसाठी तो खर्च करू नकोस. पाच-दहा अनोळखी लोकांनी गेम शेवटपर्यंत खेळला की मग पैशाचं बोलू.

प्रश्न: मेककोड आर्केडमध्ये बनवलेला गेम सुधारला पण ग्रुपवरच्या लिंकवर अजून जुनाच उघडतो. बग तसाच दिसतो, सगळे हसतात. – गोरेगाव

उत्तर: लॉगिन न करता शेअर केलं की त्या क्षणीचा फोटो निघावा तशी लिंक बनते, नंतर तू काहीही बदल, ती तीच दाखवणार. लॉगिन करून शेअर कर, मग त्याच प्रोजेक्टची आधीची लिंक अपडेट करायचा पर्याय दिसतो, तो चालू ठेव. बाकी तू निवडलंयस ते चांगलंच आहे, स्क्रीन फक्त १६० बाय १२० आणि रंग १६, त्यामुळे कुठल्याही फोनवर पळतो आणि फोनवर बटणं तो स्वतःच काढून देतो, भांडुपवाल्याचा सगळा खटाटोप वाचला. जुनी लिंक आता बदलणार नाही, ग्रुपवरचा तो मेसेज डिलीट फॉर एव्हरीवन करून बघ, वेळ उलटून गेली असेल तर नवीन लिंक टाक आणि ग्रुप ॲडमिनला सांग पिन करायला.